पोट बाईचे, सही डॉक्टरची

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा उघडला की तिसऱ्या कलमातच त्याचा नायक भेटतो, आणि तो डॉक्टर आहे. भारतीय दंड विधानात काहीही लिहिलेले असो, या कायद्यातल्या अटी पाळून गर्भपात करणारा नोंदणीकृत डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही, असे ते कलम सांगते. मग अटी येतात. गर्भारपणामुळे बाईच्या जिवाला धोका असला पाहिजे, किंवा तिच्या शरीराला वा मनाला गंभीर इजा होणार असली पाहिजे, किंवा जन्मणाऱ्या मुलात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता असली पाहिजे. आणि हे सारे डॉक्टरला ‘सद्भावनेने’ वाटले पाहिजे. बलात्कारातून राहिलेल्या आणि संततिनियमनाचे साधन फसल्याने राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप ही गंभीर इजा मानावी, अशी दोन स्पष्टीकरणे खाली जोडली आहेत. बाई सज्ञान असेल तर संमती लागते ती फक्त तिची. सज्ञान बाईच्या नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितलेली नाही, ती मागतात दवाखान्यातली माणसे. पण ‘मला आता मूल नको’ एवढे कारण या कायद्याला पुरत नाही. स्त्रीला गर्भपाताचा हक्क आहे, असे एकही वाक्य त्यात सापडत नाही. भारतात गर्भपात कायदेशीर आहे हे आपण पन्नास वर्षे अभिमानाने सांगत आलो आणि ते खरेही आहे. मात्र परवानगी आणि हक्क यांच्यामध्ये जी जागा उरते, तिथेच या प्रश्नाचे बहुतेक सगळे दुखणे साठले आहे. लिंगनिवड, न्यायालयांच्या पायऱ्या, औषधाच्या दुकानांतून नाहीशा झालेल्या गोळ्या, अल्पवयीन मुलगी पाहिली की दार लावून घेणारा डॉक्टर हे सुटे सुटे प्रश्न वाटतात. ते सुटे नाहीत, असे या लेखाचे म्हणणे आहे.

कायद्याचा हा तोंडवळा कसा घडला ते पाहण्यासारखे आहे. १८६० च्या दंड विधानातील कलम ३१२ ने बाईचा जीव वाचवण्याखेरीज अन्य कारणाने घडवलेला गर्भपात गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पोटात हालचाल सुरू झाल्यानंतर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात आली. या कलमाने काय साधले, याचा पुरावा शोधायला मराठी वाचकाला लांब जावे लागत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, कारण कायद्याने पुनर्विवाहाला मुभा दिली तरी समाजाने ती न दिलेल्या विधवांपुढे चोरून पोट पाडणे, बाळंत होऊन मूल मारणे किंवा आड-विहीर एवढेच मार्ग उरत होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सौम्य करण्यात आली. त्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवर जो चिखल उडाला त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. विसाव्या शतकात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. कर्व्यांचा विषय गर्भधारणा टाळण्याचा होता, पण त्यांची विचार करण्याची दिशा इथे महत्त्वाची आहे. बाईच्या इच्छेपासून आणि सुखापासून ते सुरुवात करीत. शासनाने नंतर हाच विषय हातात घेतला तेव्हा सुरुवातीचा बिंदू बदललेला होता: बाईच्या जागी लोकसंख्या आली होती.

१९६४ मध्ये केंद्र सरकारने महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल डिसेंबर १९६६ मध्ये आला. पन्नास कोटींच्या देशात वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत आणि त्यांतले ३९ लाख मुद्दाम घडवलेले असावेत, असा तिचा अंदाज होता. म्हणजे शंभर वर्षे जुन्या कलमाच्या नाकावर टिच्चून दरसाल ३९ लाख वेळा कायदा मोडला जात होता आणि बायका सुईणीच्या काडीने, पपईच्या चिकाने, भोंदूंच्या काढ्याने मरत होत्या. समितीची कळकळ खरी होती. पण १९६९ मध्ये विधेयक मांडताना जी तीन कारणे दिली गेली ती अशी: आरोग्याचे, मानवतेचे आणि सुप्रजननाचे. ते पुढे रेटणारे केंद्रीय मंत्री श्रीपती चंद्रशेखर हे स्वतः लोकसंख्याशास्त्रज्ञ होते. स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरचा अधिकार हे कारण या यादीत नव्हते, आणि त्या वेळी कुणाला ते फारसे जाणवलेही नाही. १ एप्रिल १९७२ पासून कायदा लागू झाला. गर्भपाताला हक्क मानणारा अमेरिकेतला ‘रो’ खटल्याचा निकाल जानेवारी १९७३ चा, म्हणजे आपण त्यांच्याही आधी. फरक असा की तिथे बायकांनी गर्भपात हक्क म्हणून मागितला आणि कडाडून विरोध झाला. इथे तो सवलत म्हणून आला, म्हणून विरोधही झाला नाही आणि मालकीही कुणाची राहिली नाही.

सवलतीची किंमत आकड्यांत दिसते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१५ या एका वर्षात भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. सरकारी दप्तरात त्या सुमारास वर्षाला सात लाखांच्या आसपास नोंद होत होती. या दोन आकड्यांमधली दरी हीच या कायद्याची खरी समीक्षा म्हणता येईल. रुग्णालये आणि दवाखान्यांत झालेले गर्भपात अवघे २२ टक्के होते. ७३ टक्के बायकांनी गोळ्या घेऊन, दवाखान्याबाहेर आपले आपण निभावले. उरलेले ५ टक्के अन्य, बहुधा असुरक्षित मार्गांनी झाले. मिफेप्रिस्टोन या औषधाला भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याने जे केले ते पन्नास वर्षांत कुठल्या समितीला जमले नाही: गर्भपातातला जिवाचा धोका झपाट्याने उतरवला. मात्र कायद्याच्या दृष्टीने या बायकांचा हिशेबच लागत नाही. डॉक्टरची सही नाही, मान्यताप्राप्त केंद्र नाही, नोंद नाही. ‘गर्भपात कुणाला नाकारला जातो हो आपल्याकडे? हक्काची भाषा ही पाश्चात्त्यांची हौस आहे,’ असा एक शहाणा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याला उत्तर या आकड्यांतच आहे. ज्या गोष्टीसाठी तीन-चतुर्थांश बायकांना कायद्याला वळसा घालावा लागतो ती मिळते असे म्हणणे, म्हणजे नळाला पाणी नसलेल्या गावात ‘टँकर येतोच की’ म्हणण्यासारखे आहे. पैसेवाली शहरी बाई खासगी दवाखान्यात क्युरेटिंग करून संध्याकाळी घरी जाते. खेड्यातली, एकटी, अल्पवयीन, दलित किंवा आदिवासी बाई परवानगी देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. सवलत नेहमी अशीच वाटली जाते, ज्याची पत त्याला.

हक्क म्हटला की त्याचा पाया सांगावा लागतो, आणि इथे गर्भाच्या जिवाचा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्याकडचे बरेच पुरोगामी लेखन तो टाळते, ही त्याची दुबळी बाजू आहे. अमेरिकन लेखिका केथा पॉलिट यांनी २०१४ मध्ये ‘प्रो’ नावाचे पुस्तक लिहिले, ते या टाळाटाळीविरुद्धच. गर्भपाताच्या बाजूचे लोकही त्याला ‘दुर्दैवी’, ‘अटळ’, ‘वेदनादायी’ अशी विशेषणे लावून माफी मागत बोलतात आणि त्यामुळे अर्धी लढाई आधीच हरतात, अशी त्यांची तक्रार आहे. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक तिखट आहे. गर्भ म्हणजे पूर्ण माणूस असे जे म्हणतात, तेच बलात्काराच्या बाबतीत अपवाद करायला बहुधा तयार होतात. बापाच्या गुन्ह्यासाठी जन्मलेल्या मुलाला कुणी मारू देत नाही. मग गर्भाच्या बाबतीत हा अपवाद कसा चालतो? अर्थ एवढाच की बोलणाऱ्याला स्वतःलाच ते समीकरण पटलेले नसते. बलात्कार झालेल्या बाईचा दोष नाही म्हणून तिला सुटका, आणि राजीखुशीने संग करणारीला मात्र शिक्षा, असा तो हिशेब होतो. पॉलिट यांचे पुस्तक ‘रो’ निकाल शाबूत असताना लिहिले गेले. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि माफी मागत बोलण्याची किंमत किती असते हे कळले.

पॉलिट यांच्याही मागे एक निबंध उभा आहे. आपला कायदा झाला त्याच १९७१ साली ज्युडिथ जार्विस थॉमसन या तत्त्ववेत्तीने तो लिहिला. गर्भ हा माणूस आहे हे वादापुरते मान्य करून टाकू, असे म्हणून ती सुरुवात करते. एखाद्या थोर व्हायोलिनवादकाला वाचवण्यासाठी तुमच्या नकळत त्याचे रक्ताभिसरण तुमच्या शरीराला जोडले आणि नऊ महिने असेच पडून राहा म्हणून सांगितले, तर? राहिलात तर तुमचा मोठेपणा. पण राहण्याची सक्ती करण्याचा अधिकार त्याला किंवा शासनाला आहे का? हा दृष्टान्त अमेरिकन थाटाचा वाटेल, पण त्यातले तत्त्व आपल्या कायद्यात पक्के बसलेले आहे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मरणाच्या दारात असलेल्या पोटच्या मुलासाठीसुद्धा बापाकडून मूत्रपिंड सक्तीने घेता येत नाही. रक्ताची एक बाटली सक्तीने काढता येत नाही. दुसऱ्याच्या जगण्यासाठी आपले शरीर वापरू देणे हा कर्तव्याचा नव्हे, दानाचा प्रांत आहे, हे आपण सगळीकडे मानतो आणि गर्भारपण आले की विसरतो. थॉमसन यांच्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की वादकाला तुम्ही बोलावलेले नव्हते, गर्भ मात्र तुमच्या कृतीतून आला. पण जोखीम पत्करणे म्हणजे परिणामाला शरीर गहाण टाकणे नव्हे. स्वतःच्या चुकीने अपघात करणाऱ्या चालकाकडूनही जखमीसाठी कुणी त्याची त्वचा कापून घेत नाही. या युक्तिवादाची मर्यादाही थॉमसन स्वतःच सांगतात आणि ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. यातून मिळतो तो शरीरापासून वेगळे होण्याचा हक्क. गर्भाच्या मृत्यूची हमी मागण्याचा हक्क मिळत नाही. गर्भ बाहेर काढून जगू शकेल अशा टप्प्यावर प्रश्न बदलतो, हे मला नाकारता येत नाही. त्या टप्प्याविषयी पुढे येईलच.

तत्त्वाला पुराव्याची जोड डायना ग्रीन फॉस्टर यांच्या ‘द टर्नअवे स्टडी’ या २०२० च्या पुस्तकाने दिली. त्यांची युक्ती साधी होती. अमेरिकेतल्या २१ राज्यांमधल्या ३० केंद्रांवर आलेल्या सुमारे हजार स्त्रिया निवडल्या. काहींना मुदतीच्या जेमतेम आत असल्याने गर्भपात मिळाला, काहींना थोड्या दिवसांनी उशीर झाल्याने परत पाठवले गेले. बाकी परिस्थिती बहुतांशी सारखी. मग पाच वर्षे दर सहा महिन्यांनी त्यांना विचारत राहिले. गर्भपात केलेल्या बायका पश्चात्तापाने खचतात, हा समज त्यात टिकला नाही. कधीही विचारले तरी ९५ टक्क्यांहून अधिक जणींनी निर्णय योग्य होता असेच सांगितले. परत पाठवलेल्या स्त्रिया अधिक काळ गरिबीत राहिल्या, मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या संपर्कात अधिक काळ अडकल्या, आणि त्यांतल्या दोघी बाळंतपणाशी संबंधित कारणाने दगावल्या. निम्म्याहून जास्त स्त्रिया आधीच आई होत्या. आहे त्या मुलांचे नीट व्हावे हे त्यांतल्या अनेकींचे एक कारण होते. या अभ्यासातला एक आकडा विरोधकांच्या बाजूचा आहे, तोही सांगायला हवा. नकार मिळाल्यानंतर आठवड्याने ६५ टक्के जणींना गर्भपात मिळायला हवा होता असे वाटत होते. पाच वर्षांनी असे म्हणणाऱ्या अवघ्या ४ टक्के उरल्या. म्हणजे सक्तीचे आईपण शेवटी गोडच लागते की, असे कुणी म्हणेल. पण झालेल्या लेकरावर जीव जडतो यात नवल काय? मनाविरुद्ध लग्न लावून दिलेल्या कित्येक जणींचाही संसारात जीव रमला. म्हणून मुलीला न विचारता लग्न लावण्याचा अधिकार बापाला आहे असे आज कुणी म्हणत नाही. माणसाची जुळवून घेण्याची ताकद हे सक्तीचे समर्थन होऊ शकत नाही.

महाराष्ट्रात मात्र गर्भपाताच्या हक्काला खरा अडथळा धर्माचा किंवा तत्त्वज्ञानाचा नाही; तो एका शब्दाचा आहे. ‘स्त्रीभ्रूणहत्या’. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलगा-मुलगी सांगण्याचा धंदा उघडपणे, जाहिरात करून चालत होता. स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तो कागदावरच पडून राहिला तेव्हा २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले ते ‘सेहत’ आणि पुण्याचे ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की लिंगनिवडीविरुद्ध लढणाऱ्या याच संस्था सुरक्षित गर्भपाताच्याही खंद्या समर्थक राहिल्या. त्यांचा रोख तपासणीवर होता, तपासणीच्या धंद्यावर होता. पण मोहीम सरकारच्या आणि जाहिरातकारांच्या हातात गेली आणि भिंतीभिंतीवर ‘हत्या’ रंगवली गेली. ‘भ्रूणहत्या’ हे धर्मशास्त्रातले जुने पातक. त्याला ‘स्त्री’ हे पद जोडून आधुनिक पोस्टर बनवले, की वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘स्त्री’ गळून पडते आणि ‘हत्या’ राहते. मुलगी नको म्हणून पाडलेला गर्भ आणि मूलच नको म्हणून पाडलेला गर्भ यांत फरक करणारी भाषाच आपण गमावली. स्त्रीमुक्तीच्या चळवळीने आपल्याच हाताने आपल्या विरुद्धचा शब्द लोकप्रिय करावा, ही गेल्या चाळीस वर्षांतली मोठी शोकांतिका आहे.

आणि या प्रश्नाकडे थंड डोक्याने पाहिले तर तो हक्काच्या विरोधात जातच नाही. बायकांना मोकळीक दिली तर मुली आणखी कमी होतील, हा आक्षेप घ्या. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. ही घसरण कुठल्या व्यवस्थेत झाली? डॉक्टरच्या सहीच्या व्यवस्थेत. ज्या दारवानांवर कायद्याने विश्वास टाकला, त्यांतल्याच काहींनी सोनोग्राफीचे यंत्र आणि शस्त्रक्रियेचे टेबल एका छताखाली मांडून धंदा केला. म्हणजे परवानगीच्या पद्धतीने लिंगनिवड रोखली नाही, तिला बाजार मिळवून दिला. उलट २०१२ मध्ये बीड-परळीची लिंगनिवडीची प्रकरणे उघडकीला आल्यावर प्रशासनाने जो बडगा उगारला तो पडला कुठे? औषधाच्या दुकानांवर. गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशेब, चिठ्ठ्यांच्या प्रती, तपासण्या यांचा एवढा जाच झाला की दुकानदारांनी त्या ठेवणेच बंद केले. या गोळ्या नियमानुसार नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या असतात, आणि त्या काळात सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. ज्या औषधाचा लिंगनिवडीशी जवळपास संबंध नाही ते बंद करून बायकांना उशिराच्या, शस्त्रक्रियेच्या, अधिक महागड्या गर्भपाताकडे ढकलले गेले, म्हणजे नेमके तिथे, जिथे लिंगनिवड होऊ शकते. मुलगी नको वाटण्याचे कारण हुंड्यात, वारसाहक्कात, म्हाताऱ्या आई-बापांच्या आधाराच्या हिशेबात आहे. आणि तो ‘निर्णय’ बहुतेक वेळा बाईचा नसतोच. तिच्या मर्जीला खरे वजन असते तर सासूची मर्जी इतकी जड झाली नसती.

व्यंगाचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि त्यावर अपंगांच्या चळवळीचे म्हणणे मला पटते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, ठरावीक गटांतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे, आणि त्यापुढे, बाईचा जीव तातडीने वाचवण्याचा प्रसंग सोडला तर, मुदत फक्त गर्भात मोठे व्यंग असल्यासच उठते, तीही वैद्यकीय मंडळाच्या होकाराने. म्हणजे बलात्कार झालेल्या मुलीला पंचविसाव्या आठवड्यात दार बंद, व्यंग असलेल्या गर्भाला मात्र उघडे. शासन इथे स्वतःच सांगते की अमुक प्रकारचे जीवन जगण्याच्या लायकीचे कमी. १९६९ च्या विधेयकातले सुप्रजनन अजून तसेच जिवंत आहे. याला उपाय गर्भपात आवळणे हा नाही. कारणे विचारणेच बंद करणे हा आहे. कायदा कारण विचारतो तेव्हा त्याला कारणांची उतरंड लावावी लागते, आणि उतरंड लागली की कुणीतरी तळाशी जाणारच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मसुद्यात बारा आठवड्यांपर्यंत नुसत्या मागणीवरून गर्भपात, आणि परिचारिकांसारख्या प्रशिक्षित सेवकांना तो करण्याची परवानगी, अशा दोन्ही गोष्टी होत्या. दुसऱ्या गोष्टीला डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला. २०२१ मध्ये कायदा बदलला तेव्हा दोन्ही गायब होत्या.

आता त्या उशिराच्या टप्प्याकडे. २००८ मध्ये मुंबईतले एक दांपत्य डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष आढळला होता आणि वीस आठवडे उलटून गेले होते. न्यायालयाने नकार दिला, काही दिवसांत गर्भ आपोआप पडला, आणि कायदा बदलायला तेरा वर्षे लागली. दरम्यान आणि नंतरही शेकडो याचिका न्यायालयांत आल्या. या सगळ्या प्रकरणांत एक विचित्र शर्यत चालते: इकडे याचिका, मंडळाचा अहवाल, पुढची तारीख, तिकडे पोट वाढते आहे. विलंब हा कित्येकदा व्यवस्थेनेच निर्माण केलेला असतो आणि मग तोच नकाराचे कारण बनतो. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्या. चंद्रचूड यांच्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांची मुभा लागू केली, नवऱ्याने केलेला बलात्कारही या कायद्यापुरता बलात्कार मानला, आणि डॉक्टर खटल्याच्या भीतीने कायद्यात नसलेल्या अटी घालतात हे स्पष्ट नोंदवले. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांची आई असलेली, बाळंतपणानंतरच्या नैराश्याने ग्रासलेली २७ वर्षांची बाई २६ आठवड्यांच्या गर्भासह त्याच न्यायालयापुढे आली. स्तनपानामुळे पाळी नव्हती, म्हणून दिवस गेल्याचे कळलेच नव्हते. आधी परवानगी मिळाली, मग गर्भ जिवंत जन्मू शकेल असे एम्सने कळवल्यावर खंडपीठात मतभेद झाले, आणि अखेर तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. त्या टप्प्यावर प्रश्न खरोखर कठीण होता. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात कुणाची मर्जी न राखता सेवा मिळते अशी खात्री असलेल्या देशात सातव्या महिन्यापर्यंत येणारी प्रकरणे विरळ असतात. आणि जी येतात ती बहुधा उशिरा समजलेल्या आजाराची, नाहीतर बोलण्याची सोय नसलेल्या लहान मुलींची. या मुलींसाठी, बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने आणखी एक भिंत उभी केली. अठराच्या आतली मुलगी गर्भार आढळली की पोलिसांना कळवणे सक्तीचे, मग संबंध तिच्या राजीखुशीचा असला तरी. डॉक्टर हात वर करतो, मुलगी गोळी शोधायला जाते. २०२२ च्या निकालाने तिचे नाव न कळवण्याची मुभा दिली आहे. ती किती दवाखान्यांपर्यंत पोचली हा भाग वेगळा.

डॉक्टरची भीती हा केवळ आपला आजार नाही. बेळगावच्या सविता हलप्पनवार २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवे इथे सतरा आठवड्यांच्या गर्भारपणात रुग्णालयात गेल्या. गर्भ वाचणार नव्हता, हे स्पष्ट होते. पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू होते आणि आईचा जीव धोक्यात आहे असे डॉक्टरांना अजून वाटत नव्हते. तसे वाटले तोवर रक्तात विष भिनले होते, आणि २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. आयर्लंडच्या कायद्यातही आईचा जीव वाचवण्याला मुभा होती. ‘मुभा’ आणि ‘शिक्षा’ एकाच कलमाच्या दोन टोकांना बांधल्या की डॉक्टर आधी स्वतःला वाचवतो, हे तिथे जगाने पाहिले. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के आयरिश मतदारांनी गर्भपातावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती रद्द केली.

शेवटचा आक्षेप स्त्रीवाद्यांच्याच घरातला आहे. आपल्याकडे बाईचा निर्णय तिचा कुठे असतो; हक्क दिला तर घरचे तिच्यावर गर्भपाताची सक्ती करतील. सक्ती होते, हे खरे. पण हक्काचा अर्थ ‘नको’ म्हणता येण्याइतकाच ‘हवे’ म्हणता येणे असा आहे, आणि गंमत म्हणजे प्रजननाचा निर्णय हा जीवनस्वातंत्र्याचा भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पहिल्यांदा ठामपणे सांगितले ते एका गर्भपात रोखणाऱ्या निकालात. चंडीगडच्या शासकीय संस्थेत राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीवर बलात्कार झाला होता. प्रशासनाला गर्भपात करायचा होता, तिला मूल हवे होते. न्यायालयाने तिचे ऐकले. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कैदी स्त्रियांच्या संदर्भात हेच सूत्र दुसऱ्या बाजूने लावले: गर्भ वाढवायचा की नाही हे ठरवणे तिच्या शरीराचा आणि मनाचा अधिकार. २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या चौदा वर्षांच्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाने तिसाव्या आठवड्यात परवानगी दिली, आणि आठवड्याभरात आई-बापांचे मन बदलल्यावर ती मागे घेतली. निकालपत्रात मात्र गर्भार व्यक्तीची संमतीच सर्वांत मोठी, असे लिहिले आहे. ती मुलगी स्वतः काय म्हणत होती, हे त्या आठवड्यातल्या धावपळीत सगळ्यात कमी ऐकू आले.

१ जुलै २०२४ पासून इंग्रजांचे दंड विधान गेले आणि भारतीय न्याय संहिता आली. कलम ३१२ चे आता कलम ८८ झाले आहे. मजकूर जवळजवळ तोच आहे. स्वतःचा गर्भ पाडणारी बाई या कलमाखाली येते, हे स्पष्टीकरणही जागच्या जागी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गर्भपात झालेल्या स्त्रियांपैकी २७ टक्के जणींनी तो घरी, आपल्या हातांनी केल्याचे सांगितले. त्यांतल्या ज्यांच्या मागे डॉक्टरची सही नव्हती त्या कागदावर तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेला पात्र आहेत.